जिनिंगमधून आलेला लॅपटॉप : मार्च ते जून, तापमानाच्या नोंदी

9 मार्च

काल संध्याकाळी लॅपटॉप घरी आणला. कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये हिशेब लिहिणारे काका ओळखीचे आहेत. त्यांच्या ऑफिसात नवीन मशीन आलं आणि हे जुनं मला 11,000 रुपयांत मिळालं. 14 इंची पडदा, कोअर आय-5 8250यू, 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी. ही चिप इंटेलच्या आठव्या पिढीतली. विंडोज 11 च्या अधिकृत यादीत त्याआधीच्या चिपा जवळजवळ नाहीतच, म्हणून याहून जुनं काही घ्यायचं नाही हे मी आधीच ठरवून ठेवलं होतं.

दुकान माझं हिंगणघाटात, दहा बाय बाराचं, वर टिन. सातबारा, फार्मर आयडी, शिष्यवृत्तीचे फॉर्म, झेरॉक्स, लॅमिनेशन. जुना डेस्कटॉप लाइन गेली की बंद पडतो आणि समोरची माणसं तशीच उभी राहतात. बॅटरीवर चालणारं काहीतरी लागतच होतं.

11 मार्च

आज दुपारी एक भाऊ फार्मर आयडीसाठी आले होते. आधारला जोडलेला फोन मुलाकडे, मुलगा शेतात. फोनवरून ओटीपी विचारला, मी आकडे टाकायला घेतले, तर पडद्यावर काही उमटेचना. पंख्याचा आवाज चढलेला. डावीकडच्या जाळीपुढे हात धरला तर वारा जवळपास नाहीच, नुसती धग. मिनिटभराने आकडे एकदम उमटले, तोवर ओटीपीची मुदत संपलेली. दुसरा मागवला आणि तेवढ्यात मशीनच बंद झालं.

"राहू द्या ताई, उद्या येतो," म्हणाले. त्यांचं उद्या येणं म्हणजे आणखी एक दिवस मोडणं. मला फार लागलं ते. त्यांना बसवून घेतलं आणि डेस्कटॉपवर काम पूर्ण करूनच पाठवलं.

रात्री इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. कर्नल-पॉवर 41 एवढीच नोंद. नीट बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं, इतकंच ती सांगते. कारण आपल्याला शोधायचं.

12 मार्च

आधी मोजमाप, मग पेचकस. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोजमापाचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यात तीन रकाने पाहायचे : चिपचं तापमान, चिप किती वॉट घेतेय, आणि किती गिगाहर्ट्झवर चालतेय. ताण द्यायला 7-झिपमधली बेंचमार्क चाचणी, दर वेळी 10 मिनिटं, म्हणजे एका दिवसाचा आकडा दुसऱ्या दिवसाशी ताडता येईल. खोलीचं तापमान टेबलाच्या उंचीवर, मशीनपासून हातभर अंतरावर घ्यायचं. भिंतीवर टांगलेला तापमापी उन्हाच्या भिंतीमुळे 3 अंश जास्तच दाखवत होता.

निकाल : खोली 34, चिप 97, वॉट 9, वेग बराच घसरलेला.

या चिपची कमाल मर्यादा 100 अंशांची. तिथे पोचायच्या बेतात आली की ती आपणहून वेग कमी करते. त्यामुळे "97 च्या वर जात नाही" हे ऐकायला बरं वाटलं तरी त्यात समाधान नाही. ही चिप सतत 15 वॉटवर चालावी अशी बनवलेली आहे, आणि इथे 9 वॉटमध्येच तिचा जीव घाबरा होतो. म्हणून नुसतं तापमान लिहायचं नाही असं ठरवलं. चिपच्या तापमानातून खोलीचं तापमान वजा करायचं आणि त्याला वॉटने भागायचं. 97 वजा 34 म्हणजे 63, भागिले 9 : वॉटमागे 7 अंश.

हा आकडा मार्चमध्ये आणि मे महिन्यात साधारण सारखाच राहायला हवा, कारण खोलीची उष्णता त्यातून काढून टाकलेली आहे. आमच्याकडे हे फार महत्त्वाचं. नुसतं तापमान लिहिलं, तर मार्चात केलेली दुरुस्ती मे महिन्यात फसली असं वाटेल, आणि बिघडलेलं मशीन पावसाळ्यात सुधारलं असं वाटेल.

14 मार्च

शेजारच्या पंक्चरवाल्या दादाने कॉम्प्रेसरने हवा मारून देतो म्हटलं. मनाने केलेली मदत, पण आधी स्टीलच्या ताटलीवर हवा मारून पाहिली. ताटलीवर बारीक दव उमटलं, बोट फिरवलं तर थोडं चिकट. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं आणि तेलाचा अंश हवेबरोबर येतो. टायरला चालतं ते, सर्किटला नाही. शिवाय बाहेरून हवा मारली की जाळीत अडकलेलं सगळं आत पंख्यावर जाऊन बसणार. त्यांचे आभार मानले आणि उघडायचंच ठरवलं.

15 मार्च, रविवार

दुकान बंद. घरी ओसरीवर पांढरी चादर अंथरली, म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो.

आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जाऊन आतली बॅटरी डिसेबल केली. या मशीनला मागची निघणारी आणि आतली कायमची अशा दोन बॅटऱ्या आहेत. बाहेरची काढली तरी आतल्या बॅटरीमुळे बोर्डात वीज राहते, म्हणून ही पायरी चुकवायची नाही. मग मागची बॅटरी काढली, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरलं. तळाचे सहा स्क्रू सैल केले. हे स्क्रू झाकणातच अडकून राहतात, पूर्ण निघत नाहीत. मला ते आधी माहीत नव्हतं आणि पहिल्या स्क्रूशी पाच मिनिटं झटले. झाकणाच्या कडेचे चाप जुन्या सिमकार्डाने एकेक करून सोडवले.

वरवर पाहता आत फारशी घाण नव्हती. बोर्डावर धुळीचा हलका थर, पंख्याच्या पात्यांना राखाडी कडा, एवढंच. इथेच थांबून ब्रश फिरवला असता तर फसले असते. पंख्याचे स्क्रू काढून तो बाजूला केला आणि मागची तांब्याची जाळी दिसली. खरं तर दिसली नाहीच, कारण तिच्या तोंडावर कापूस बसला होता.

अगदी कापूसच. जिनिंगच्या हवेत सरकीवरून सुटलेले तंतू तरंगत असतात, ते पंख्याने वर्षानुवर्षं आत ओढले आणि जाळीच्या तोंडाशी दाबून दाबून बसवले. चिमट्याने एका टोकाला धरून ओढलं, तर सूत कातायच्या पेळूसारखा सलग पट्टा हातात आला. पंख्याच्या तोंडाइतका रुंद, जाड नेसणीच्या कापडाइतका जाड, एका बाजूने राखाडी आणि जाळीच्या बाजूने अजून पांढरा. त्या बाजूला जाळीच्या पट्ट्यांच्या बारीक उभ्या रेघा उमटल्या होत्या. वर्धा जिल्ह्यात पेळू काही अनोळखी वस्तू नाही. माझी आजी सूत कातायची, तिच्या टोपलीत असेच पेळू रचून ठेवलेले असायचे. तो पट्टा मी फेकला नाही, कागदात गुंडाळून ठेवला आहे.

पंखा मऊ ब्रशने साफ केला. ब्लोअर लावताना पात्यांत टूथपिक अडकवून पंखा धरून ठेवला. हवेच्या झोताने पंखा भलत्या वेगाने फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं, आणि फिरणारी मोटर उलट वीज तयार करून बोर्डाकडे पाठवू शकते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर जवळ आणला नाही, त्याच्या नळीच्या तोंडाशी स्थिर वीज साठते.

आतली बॅटरी फुगली आहे का तेही पाहून घेतलं. स्टीलची पट्टी आडवी ठेवली, खालून उजेड दिसला नाही, म्हणजे सपाट. जुनं मशीन उघडणाऱ्या प्रत्येकाने एवढं पाहावंच.

16 मार्च

खोली 35, चिप 92, वॉट 15. वॉटमागे 3.8.

7 वरून 3.8. एक पैसाही खर्च झाला नाही. जाळीपुढे हात धरला तर आता गरम वारा जोराने लागतो.

18 मार्च

भाचा नागपूरहून आला होता. त्याला आकडे दाखवले, तो खूश झाला आणि लगेच म्हणाला, "मावशी, आता लिक्विड मेटल लावून पाह्य न, अजून उतरते."

त्याला नाही म्हटलं, आणि का ते समजावून सांगितलं. लिक्विड मेटल हा गॅलियमचा मिश्रधातू. उष्णता उत्तम वाहतो, पण वीजही वाहतो. चिपच्या चारी बाजूंना तांदळाच्या कणीएवढे घटक आहेत, एक थेंब घसरला की मशीन गेलं. ॲल्युमिनियमला लागला तर ते पोखरतो. या मशीनवर माझ्या दुकानाचं पोट आहे. चिप आणि तिच्यावर बसणारा धातू यांच्यामध्ये उष्णता वाहायला लावतात ती साधी पेस्ट पुरे. नागपूरहून पुढच्या खेपेला 4 ग्रॅमची एक ट्यूब आण म्हटलं, वीज न वाहणारी.

23 मार्च

आज पेस्ट बदलली. हीटसिंकवर, म्हणजे चिपची उष्णता जाळीकडे नेणाऱ्या धातूच्या भागावर, स्क्रूंशेजारी 1, 2, 3, 4 असे आकडे कोरलेले असतात. काढताना उलट्या क्रमाने, बसवताना सुलट्या, आणि प्रत्येक स्क्रू एकदम न आवळता थोडा थोडा. एका कोपऱ्यावर जोर आला तर चिपची कड तुटू शकते, कारण लॅपटॉपच्या चिपवर डेस्कटॉपसारखं धातूचं टोपण नसतं. उघडी सिलिकॉनची चकाकती फरशी असते, नखाएवढी.

जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती आणि मधोमध जवळपास उरलीच नव्हती. तापणं आणि थंड होणं यात धातू वर्षानुवर्षं किंचित हलतो, पेस्ट कडेला सरकत जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही पृष्ठभाग पुसले, चिपमध्ये माझा चेहरा दिसेपर्यंत. पेस्ट वाटाण्याएवढा गोळा ठेवून दाबायची नाही. उघड्या चिपवर ती सगळीकडे पोचलीच पाहिजे, म्हणून प्लास्टिकच्या कार्डाने पातळ पसरली, लोण्याचा हात फिरवावा तशी.

चिपकडून जाळीकडे जाणाऱ्या तांब्याच्या चपट्या नळीबद्दल भाच्याने विचारलं होतं. ती भरीव नसते. आत जवळपास निर्वात आणि थोडंसं पाणी असतं. चिपकडच्या टोकाला पाण्याची वाफ होते, जाळीकडच्या टोकाला तिचं पुन्हा पाणी होतं, आणि आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते वातीत तेल चढावं तसं परत येतं. म्हणून नळी कधी वाकवायची नाही. वाकली की हा आतला फेरा बिघडतो.

खोली 36, चिप 87, वॉट 15. वॉटमागे 3.4.

मनात जेवढं धरलं होतं तेवढा फरक पडला नाही. पण आकडा आहे तो आहे. या मशीनचं खरं दुखणं पेस्ट नव्हतं, तो कापूस होता. पेस्टच्या नादात पंखा न काढता कुणी झाकण लावून टाकलं असतं, तर 7 चे फार तर साडेसहा झाले असते.

5 एप्रिल

टेबलावरचं मेणकापड काढलं. मशीन हवा तळातून ओढतं आणि मेणकापड ऊन वाढलं की मऊ होऊन तळाला चिकटतं. मागच्या दोन पायांखाली कॅरमच्या दोन दोन सोंगट्या चिकटवल्या.

खोली 38, चिप 85, वॉट 15. वॉटमागे 3.1. चार सोंगट्यांनी 0.3 काढले, जवळपास पेस्टएवढेच. भाच्याचा कूलिंग पॅड मागून आणून लावला, सोंगट्यांवर आणखी 0.1 चा फरक. परत देऊन टाकला.

19 एप्रिल

आता खरा प्रश्न. लॅपटॉपच्या पुस्तिकांत साधारणपणे 35 अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा असं लिहिलेलं असतं. माझ्या दुकानात सकाळी अकरा वाजताच 37 असतात. म्हणजे कागदावर पाहिलं तर मार्च ते जून हे मशीन इथे चालवायचंच नाही. पण काम तर याच दिवसांत असतं.

खोली माझ्या हातात थोडीच आहे. पेस्ट आणि जाळी 3.1 च्या खाली फारशी येणार नाही. उरले वॉट. ते कमी केले तर सगळंच उतरेल.

फॉर्म उघडताना ही चिप पहिल्या काही सेकंदांत 15 वॉटच्या बरीच वर उडी मारते. माझ्या मशीनवर 29 दिसले, आणि तापमान क्षणात 96. मग पंखा ओरडतो, मग दोघंही खाली येतात, पुन्हा पुढचं पान, पुन्हा उडी. दिवसभर हेच. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 टक्के असते, ती 99 केली. एका टक्क्याने काय होणार असं वाटतं, पण 99 म्हटलं की टर्बो, म्हणजे चिपची ती उडीच, बंद होतो आणि चिप आपल्या मूळ 1.6 गिगाहर्ट्झवर राहते.

खोली 40, चिप 65, वॉट 8. वॉटमागे 3.1, तोच. पण चिप 20 अंशांनी थंड.

काम किती मंदावलं तेही घड्याळ लावून पाहिलं. सातबारा डाउनलोड, फोटो लहान करणं, फॉर्म भरणं, यात मला फरक कळला नाही. तिथे वेळ सर्व्हरचा जातो. 60 पानांची स्कॅन केलेली पीडीएफ उघडायला आधी 4 सेकंद लागायचे, आता 7. चालेल.

20 एप्रिल

पंखा दिवसभर ऐकू आला नाही. समोरच्या माणसाशी सावकाश बोलता येतं.

2 मे

मच्छरदाणीची जाळी कापून तळाच्या खाचांवर लावली होती, धूळ बाहेरच राहील म्हणून. खोली 40, चिप 69, वॉट 8. वॉटमागे 3.6. जाळीने धुळीबरोबर हवाही अडवली. काढून टाकली. वर्षातून दोनदा उघडून साफ करणं याहून बरं.

11 मे

बॅटरी. लिथियमच्या बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत, उष्णता आणि सतत 100 टक्के भरलेलं राहणं. दुकानात मशीन सकाळपासून चार्जरवर, वर टिन तापलेलं. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगची मर्यादा आहे, ती 80 वर ठेवली. लाइन गेल्यावर तेवढ्यात दीड तास निघतो, आम्हाला पुरतो. दुकान बंद करताना मशीन पिशवीत घालून घरी आणते. बंद शटरच्या आत संध्याकाळी सहाला जे तापमान असतं, त्यात बॅटरी ठेवायची नाही.

24 मे

कूलरबद्दल लिहायचं राहिलं होतं. पहिले काही दिवस कूलरचा झोत थेट मशीनवर यायचा. थंड हवा लागतेय म्हणून मीही काही केलं नाही. मग एकदा दुपारी काचेवर बारीक ठिपके दिसले, वाळल्यावर पांढरे. कूलरच्या ताटीवरून झोताबरोबर पाण्याचे तुषार येतात आणि आमच्या बोअरच्या पाण्यातला क्षार त्यात असतो. हेच ठिपके आत बोर्डावरही बसले असते. कूलर दाराकडे सरकवला, झोत भिंतीवर, मागची खिडकी उघडी. खिडकी उघडी नसेल तर कूलर काही कामाचा नाही, ओलावा आतच कोंडतो आणि ताटीवरचं पाणी उडेनासं होतं. आमची मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की खिडकी उघडी ठेवली तर बाहेर 45 असताना टेबलापाशी 33 मिळतात.

आज दोन वाजता लाइन गेली. कूलर बंद, मशीन बॅटरीवर. वीस मिनिटांत टेबलापाशी 43. दुपट्टा ओला करून डोक्यावर घेतला. दोन मुली शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला बसल्या होत्या, शेवटची तारीख जवळ आली होती. मी आधी कागदावर हिशेब केला : 8 गुणिले 3.1 म्हणजे 25, अधिक 43, 68 व्हायला हवेत. त्यांचा फॉर्म सबमिट झाल्यावर चाचणी लावली आणि दहा मिनिटांनी पडद्यावर पाहिलं. 67.

14 जून

काल रात्री पहिला चांगला पाऊस झाला. कूलर झाकून ठेवला, आता हवेत ओल आहे, त्याचा उपयोग नाही. खोली 31, चिप 56, वॉट 8. वॉटमागे 3.1.

झाकण उघडून पाहिलं. जाळीच्या तोंडाशी धुळीची बारीक रेघ, कापूस नाही. जिनिंगचा हंगाम संपलेला आहे आणि मशीनही आता तिथे नाही. पुढची सफाई दिवाळीनंतर, नवा कापूस बाजारात यायला लागला की. तारीख तळाला पट्टीवर लिहून चिकटवली.

दुपारी तेच हिशेबाचे काका आले. पिशवीतून त्याच ऑफिसातला दुसरा लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. पेरणीच्या तोंडावर बंद पडतो म्हणाले, फेकू का ठेवू ते सांग. चाचणी लावली : खोली 31, चिप 97, वॉट 10. वॉटमागे 6.6. कागदात गुंडाळलेला तो पट्टा त्यांना दाखवला. उलटसुलट करून पाहिला, बोटांनी थोडा उलगडला आणि म्हणाले, "धागा लांब आहे."

त्यांचं मशीन उद्या उघडते.